हिवाळ्यासाठी मोटरहोम उभी करताना

कडाक्याच्या थंडीत मोटरहोमची, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीची, वाट लावतं ते आत राहिलेलं पाणी. गोठताना ते सुमारे 9 टक्के फुगतं आणि नळ, पंप नाहीतर बॉयलरची टाकी फोडतं. गळती मात्र कळते बर्फ वितळल्यावर.

पारा शून्याखाली जायच्या आधी बॉयलर बंद करून निवू द्या. मग स्वच्छ पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी आणि बॉयलर, तिन्हींचे ड्रेन उघडा. सगळे नळ सोडून पंप चालवा. धार थांबली की लगेच बंद करा, कोरडा फिरत राहिला तर खराब होतो. हमखास चूक होते ती एका दांडीच्या मिक्सर नळात. दांडी गरम बाजूला राहिली तर थंड पाण्याच्या पाइपात पाणी अडकतं, आणि उलटंही. ती वर उचलून बरोबर मध्ये ठेवा. शॉवर हुकावरून काढून खाली सोडा, पंपाच्या जाळीतलं पाणी झटका. नळ आणि ड्रेन हिवाळाभर उघडेच राहू द्यात. सिंकखालच्या वाकड्या पाइपात कपभर प्रोपिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ (गोठू न देणारं द्रव) ओता. रेडिएटरमधलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते इथे नको.

टॉयलेटची कॅसेट (खालची काढता येणारी मैल्याची टाकी) धुऊन वाळवा आणि झडप उघडी ठेवा, म्हणजे रबरी सील चिकटत नाही.

उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी उणे 8 अंशांच्या आसपासच गोठू शकते. पूर्ण भरलेली उणे 50 लाही तग धरते. इंजिनाची आणि गाडीतल्या दिवे-पंपांची, दोन्ही बॅटऱ्या 12.7 व्होल्टपर्यंत भरा; तारा सोडवताना आधी ऋण तार काढा. महिन्याने मोजा, 12.4 च्या खाली गेली की पुन्हा चार्ज करा. लिथियम बॅटरी निम्मीअधिक भरून ठेवली तरी चालते, पण शून्याखाली ती चार्ज करू नका, कायमची बाद होते.

गॅस सिलिंडरवरच बंद करा. फ्रिज पुसून दार किलकिलं ठेवा, गाद्या भिंतीपासून सोडवून उभ्या करा. छतावरचे हवेचे झरोके बुजवू नका. थंडीपेक्षा कोंडलेला ओलावाच बुरशी आणतो. म्हणूनच प्लास्टिकची ताडपत्री टाळा, झाकायचंच तर हवा खेळणारं कव्हर घ्या.

हँडब्रेक ओढून ठेवलात तर ब्रेक चिकटतात. गाडी गिअरमध्ये टाका, चाकांना ठोकळे लावा. टायरमध्ये कंपनीने दिलेल्या कमाल दाबाइतकी हवा भरा आणि महिन्यातून एकदा गाडी चाकाच्या पाव फेऱ्याइतकी सरकवा.