कॅलिफोर्नियात नवीन आलात? वणव्याचं एवढं समजून घ्या

घर बघताना शाळा आणि ऑफिसचं अंतर सगळेच बघतात. टेकडीला लागून, मागे झाडी असलेलं घर मिळालं की आपली मंडळी हरखून जातात. घ्या जरूर, पण आधी तो पत्ता राज्याच्या फायर हॅझर्ड नकाशावर टाकून बघा आणि विम्याचा आकडा हातात आल्याशिवाय सही करू नका. अशा भागांतून बऱ्याच विमा कंपन्यांनी अंग काढून घेतलंय.

इथे पाऊस हिवाळ्यात. त्यावर माजलेलं गवत उन्हाळ्यात वाळून सोनेरी होतं. फोटो छान येतात, पण आहे ते सरपणच. खरी भीती पुढे, शरद ऋतूत, आतल्या कोरड्या भागातून समुद्राकडे वारे सुटतात तेव्हा. दक्षिणेत ते सांता आना, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, म्हणजे बे एरियात, डियाब्लो. पाऊस लांबला तर हिवाळ्यातही सुटका नाही: लॉस एंजेलिसजवळचे पॅलिसेड्स आणि ईटनचे वणवे ७ जानेवारी २०२५ ला पेटले.

'आग अजून पलीकडच्या डोंगरावर आहे, बघू' असं म्हणत बसू नका. घरं बहुतेकदा ज्वाळांनी नाही, ठिणग्यांनी पेटतात. जोराच्या वाऱ्यात जळते तुकडे मैलभर पुढे उडतात, पन्हळीतल्या वाळक्या पानांत पडतात, नाहीतर पोटमाळ्याच्या जाळीतून आत शिरतात. ८ नोव्हेंबर २०१८ ला उत्तर कॅलिफोर्नियातलं पॅरडाइज गाव काही तासांत बेचिराख झालं. त्या वणव्यात ८५ माणसं गेली. म्हणून भिंतीपासून पाच फुटांत वाळकं झुडूप, लाकडाचा भुसा काही ठेवू नका.

काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) अलर्टसाठी नाव स्वतःच नोंदवावं लागतं. इव्हॅक्युएशन वॉर्निंग (घर सोडायच्या तयारीचा इशारा) आली की पासपोर्ट, आय-७९७ (व्हिसा मंजुरीचा कागद), औषधं गाडीत टाका. आईबाबा भेटीला आलेले असतील तर तेव्हाच निघा. इव्हॅक्युएशन ऑर्डर आली की प्रश्नच नाही, सगळ्यांनी लगेच निघायचं.

जोराच्या वाऱ्यात तारांमुळे आग लागू नये म्हणून वीज कंपनी कधीकधी स्वतःच वीज तोडते. मग गराज उघडणार कसं? मोटरखाली लोंबणारी लाल दोरी ओढली की दार हातानं उचलता येतं. चांगलंच जड लागू शकतं, आधीच एकदा करून बघा.

धूर मात्र शेकडो मैलांवरूनही येतो. एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक) १५० च्या वर गेला की खिडक्या बंद, बाहेर जाताना एन-९५. कापडी मास्क त्या बारीक कणांपुढे कुचकामी. आणि तेवढे दिवस घरात उदबत्ती, तळण दोन्ही बंद.