पेनड्राइव्ह टीव्हीला लावण्याआधी

लग्नाची शूटिंग स्टुडिओतून पेनड्राइव्हवर मिळते, पाहुणे हॉलमध्ये जमतात, पेनड्राइव्ह टीव्हीच्या मागे खोचला जातो आणि पडद्यावर काहीच येत नाही. 'भो, काही दिखी नही राह्यनं' म्हणत रिमोट या हातातून त्या हातात फिरतो. रिमोट कितीही दाबला तरी उपयोग नसतो, कारण पेनड्राइव्ह कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केलाय आणि व्हिडिओ कोणत्या प्रकारात बनवलाय हे दोन्ही कॉम्प्युटरवर आधीच ठरून गेलेलं असतं.

अजून एक गोष्ट सुरुवातीलाच. 'टीव्हीत टाकून द्या' असं आपण म्हणतो खरं, पण सॅमसंगच्या टायझेन आणि एलजीच्या वेबओएस टीव्हीमध्ये पेनड्राइव्हवरची फिल्म आत कॉपी करायची सोयच नसते. तिथे फाइल पेनड्राइव्हवरूनच चालते आणि पेनड्राइव्ह काढला की संपलं. अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्ही असेल तर आत कॉपी करता येतं. ते कसं, हे पुढे येईलच. पण जागा इतकी कमी असते की बहुतेक घरांत त्याची गरज पडत नाही.

पेनड्राइव्ह कसा असावा

पेनड्राइव्हला कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. 'फाइल सिस्टीम'समोर फॅट३२, एक्सफॅट किंवा एनटीएफएस असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. फॅट३२ जवळजवळ प्रत्येक टीव्हीला कळतं, अगदी दहा-बारा वर्षं जुन्यालाही. त्याची अडचण एकच, एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असता कामा नये. पेनड्राइव्हवर ५० जीबी मोकळे असले तरी ६ जीबीची फाइल टाकताना विंडोज 'फाइल फार मोठी आहे' म्हणून अडवतं. लोकांना वाटतं पेनड्राइव्ह खराब निघाला. तो चांगला असतो.

एक्सफॅटला ही मर्यादा नाही आणि गेल्या काही वर्षांतले बहुतेक टीव्ही ते वाचतात. म्हणून नवा टीव्ही आणि मोठ्या फाइली असतील तर एक्सफॅट. काही जुने टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत पण एनटीएफएस ओळखतात, तर काही अँड्रॉइड टीव्हींचं नेमकं उलट असतं. तुमचा टीव्ही कुठला ते टीव्हीच्या पुस्तिकेत यूएसबीच्या पानावर दिलेलं असतं. पुस्तिका सापडत नसेल तर एका जुन्या पेनड्राइव्हवर एक छोटी क्लिप टाकून पाहणं जास्त लवकर होतं.

फॉरमॅट करायचं तर आधी त्यातलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, कारण फॉरमॅटमध्ये सगळं जातं. मग ड्राइव्हवर राइट क्लिक, 'फॉरमॅट', फाइल सिस्टीम निवडा, 'अ‍ॅलोकेशन युनिट साइज' डिफॉल्टच ठेवा, 'क्विक फॉरमॅट'ची खूण राहू द्या आणि 'स्टार्ट'. ३२ जीबीहून मोठ्या पेनड्राइव्हला विंडोजच्या या खिडकीत फॅट३२ हा पर्याय सहसा दिसतच नाही. तेव्हा एक्सफॅट घ्या. फॅट३२च हवं असेल तर ३२ जीबीचा किंवा त्याहून लहान पेनड्राइव्ह वापरा.

ज्या पेनड्राइव्हवरून कधी विंडोज टाकलं असेल, तो टीव्हीला देऊ नका. त्याची विभागणी वेगळ्या पद्धतीने झालेली असते आणि टीव्ही तो रिकामा दाखवतो किंवा दाखवतच नाही. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन त्यावरचे सगळे भाग पुसायचे, एकच नवा भाग करायचा, मग फॉरमॅट. तिथे चुकूनही डिस्क ० निवडू नका, ती बहुतेक तुमच्या कॉम्प्युटरचीच असते.

आणि बाजारात पाचशे रुपयांत '२ टीबी' म्हणून मिळणारा पेनड्राइव्ह. तो बनावट असतो. आत ३२ किंवा ६४ जीबी असतात, बाहेर दोन टीबी दाखवतो. भरला की नंतरच्या फाइली नुसत्या नावाला दिसतात, चालत नाहीत. एच२टेस्टडब्ल्यू हा छोटा प्रोग्रॅम पूर्ण ड्राइव्ह भरून आणि परत वाचून खरी जागा सांगतो. लग्नाची एकुलती एक प्रत असल्या ड्राइव्हवर ठेवायची म्हणजे धाडसच. चांगल्या ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर कॉम्प्युटर ५९ जीबीच्या आसपास जागा दाखवतो. ती फसवणूक नाही, फक्त मोजायची पद्धत वेगळी.

स्टुडिओला काय सांगायचं

सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो. हळद, लग्न, वरात, रिसेप्शन मिळून आठ-दहा तासांची शूटिंग होते आणि स्टुडिओवाला त्याच्या कॉम्प्युटरवर जे नीट चाललं ते देऊन मोकळा होतो. ऑर्डर देतानाच सांगा: फाइल एमपी४, व्हिडिओ एच.२६४, १०८०पी, आवाज एएसी, बिटरेट १० एमबीपीएसच्या आसपास. एवढं सांगितलं तर ती फाइल जवळजवळ कुठल्याही स्मार्ट टीव्हीवर चालेल.

या बिटरेटला एका तासाची फाइल साधारण साडेचार जीबी होते, म्हणजे आठ तासांना ३६ जीबी. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. टीव्ही जुना असेल आणि फॅट३२च चालत असेल, तर तुकडे ५० मिनिटांपेक्षा लहान करून मागा. तसंही हळदीची फाइल वेगळी, लग्नाची वेगळी असली की आजीला हवं ते लगेच लावता येतं.

कॅमेऱ्यातल्या कच्च्या क्लिपा बऱ्याच जण हौसेने मागून घेतात. त्या जपून ठेवायला ठीक आहेत, टीव्हीसाठी नाहीत. आजकालचे बरेच कॅमेरे ४:२:२, १० बिट असं, म्हणजे रंगांची जास्त माहिती साठवणारं, चित्रण करतात, आणि टीव्हीतली चिप ४:२:०चंच चित्र उलगडते. मग आवाज येतो पण पडदा काळा, किंवा 'फाइल सपोर्टेड नाही' असा संदेश.

एडिटिंग मॅकवर झालं असेल तर पेनड्राइव्हवर प्रत्येक फाइलची एक जुळी दिसते, नावाच्या आधी टिंब आणि आडवी रेघ, आकार अगदी किरकोळ. ती उघडत नाही म्हणून घाबरू नका. खरी फाइल मोठ्या आकाराची, तीच लावा. मात्र पेनड्राइव्हच मॅकच्या स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट झाला असेल तर टीव्ही तो वाचणार नाही. स्टुडिओला एक्सफॅटवर द्यायला सांगा.

आवाज नाही, चित्र आहे

एमकेव्ही फाइलींमध्ये हे नेहमी होतं. चित्र स्वच्छ, आणि खाली 'ऑडिओ कोडेक सपोर्टेड नाही'. बहुतेक वेळा आवाज डीटीएस प्रकारचा असतो. सॅमसंगने २०१८च्या मॉडेलपासून डीटीएस काढून टाकलं. एलजीने २०२०मध्ये काढलं आणि २०२३च्या काही मॉडेलांत परत आणलं. म्हणजे जुन्या टीव्हीवर चालणारी फाइल नव्या, महागड्या टीव्हीवर मुकी होते, आणि दोष नव्या टीव्हीला दिला जातो.

यासाठी अख्खा व्हिडिओ पुन्हा बनवायची गरज नाही. अ‍ॅव्हिडेमक्स हा मोफत प्रोग्रॅम घ्या. फाइल उघडा, व्हिडिओ आउटपुट 'कॉपी'च ठेवा, ऑडिओ आउटपुटमध्ये एसी३ निवडा, आउटपुट फॉरमॅट एमकेव्ही ठेवून सेव्ह करा. चित्राला हात लागत नाही, म्हणून काम मिनिटांत होतं.

चित्रच दिसत नसेल तर मात्र व्हिडिओ पुन्हा बनवावा लागतो, त्यासाठी हँडब्रेक हा मोफत प्रोग्रॅम घ्या. त्यात 'फास्ट १०८०पी३०' हा तयार पर्याय निवडला की एमपी४, एच.२६४ आणि एएसी अशी फाइल निघते. जुन्या लॅपटॉपला तीन तासांच्या फाइलीसाठी रात्रभर लागू शकते. चार्जर लावून ठेवा आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नका, विशेषतः भुसावळच्या मे महिन्यात.

फोनमधून थेट

कॉम्प्युटर नसेल तरी चालतं. ओटीजी जोडणीने (फोनच्या चार्जिंगच्या छिद्रात बसणारी, दुसऱ्या टोकाला यूएसबी असलेली छोटी जोडणी) पेनड्राइव्ह फोनला लावा आणि फोनमधल्या फाइल्स अ‍ॅपमधून कॉपी करा. काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं, आणि वापर नसला की दहा मिनिटांनी ते आपोआप बंद होतं. मघाशी दिसलेला पेनड्राइव्ह आता का दिसत नाही, याचं कारण तेवढंच.

यूट्यूबमध्ये किंवा ओटीटी अ‍ॅपमध्ये 'डाउनलोड' केलेलं काही पेनड्राइव्हवर येत नाही. ते त्या अ‍ॅपच्या आतच बंदिस्त असतं. जिल्हा परिषद शाळेतल्या टीव्हीवर पाठ दाखवायचा असेल आणि धडगाव-अक्कलकुव्याकडे रेंज मिळत नसेल, तर वेगळी व्हिडिओ फाइल म्हणून मिळालेला पाठच हाताशी हवा. हे आदल्या दिवशी तपासा, वर्ग भरल्यावर नाही.

आयफोनचे फोटो एचईआयसी प्रकारचे असतात आणि बरेच टीव्ही ते उघडत नाहीत. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'फॉरमॅट्स'मध्ये जाऊन 'मोस्ट कंपॅटिबल' ठेवलं की पुढचे फोटो जेपीईजी निघतात.

नावं, क्रम आणि मराठी अक्षरं

फाइलींची नावं देवनागरीत दिली तर काही टीव्ही नावाच्या जागी चौकोन दाखवतात. नाव इंग्रजी अक्षरांत, लहान, आणि सुरुवातीला ०१, ०२, ०३ असे दोन अंकी आकडे. नुसते १, २, ३ दिले तर बऱ्याच टीव्हींवर १ नंतर १० येतं, आणि वरातीनंतर एकदम बिदाई सुरू होते. आकडेही इंग्रजीच ठेवा.

सबटायटलची एसआरटी फाइल व्हिडिओच्या शेजारी, अगदी त्याच नावाने ठेवा. मराठी सबटायटलच्या जागी प्रश्नचिन्हं येत असतील तर ती नोटपॅडमध्ये मूळ मजकुरावरून पुन्हा 'सेव्ह अ‍ॅज' करा आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. तरीही चौकोन आले तर टीव्हीत देवनागरी फॉन्ट नाही असं समजा. त्यावर तिथे इलाज नाही.

लावताना

टीव्हीच्या मागे दोन यूएसबी असतील तर पेनड्राइव्ह कुठल्याहीत चालतो, हार्डडिस्क नाही. साधं यूएसबी २.० छिद्र ५०० मिलीअँपिअर देतं, फिरत्या चकतीच्या हार्डडिस्कला सुरू होताना त्याहून जास्त लागतं. मग टकटक आवाज येतो आणि ती दिसते-जाते. 'एचडीडी' किंवा '५ व्ही १ ए' लिहिलेलं छिद्र त्यासाठीच असतं. तसं नसेल तर स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब घ्या. 'सर्व्हिस' लिहिलेल्या छिद्राच्या नादी लागू नका.

लावल्यावर अर्धा-एक मिनिट थांबा. पेनड्राइव्हवर हजारो फोटो असतील तर टीव्हीला यादी करायलाच वेळ लागतो. सॅमसंगमध्ये 'सोर्स' किंवा जोडलेल्या उपकरणांत, एलजीमध्ये होमवरच्या 'मीडिया प्लेयर'मध्ये, अँड्रॉइडवर कंपनीच्या प्लेयरमध्ये तो दिसेल. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमधून व्हीएलसी टाकलेलं बरं, कंपनीचा प्लेयर नाकारतो त्या बऱ्याच फाइली ते चालवतं.

अँड्रॉइड टीव्ही पेनड्राइव्ह पाहून कधी कधी विचारतो, हा काढता येण्याजोगा साठा म्हणून वापरायचा की डिव्हाइसचा साठा म्हणून. दुसरं निवडलं की तो पेनड्राइव्ह पुसून, कुलूपबंद करून टीव्हीचाच करून टाकतो. नंतर दुसरीकडे कुठेही तो वाचता येत नाही. तसंच 'फॉरमॅट करायचा का' असं टीव्हीने विचारलं तर 'नाही' म्हणा आणि पेनड्राइव्ह आधी कॉम्प्युटरला लावून पाहा.

आता आत कॉपी करणं. अँड्रॉइड टीव्हीवर प्ले स्टोअरमधून एक्स-प्लोर फाइल मॅनेजर घ्या आणि फाइलींची परवानगी द्या. डावीकडे यूएसबी, उजवीकडे टीव्हीचा साठा उघडा, फाइल निवडा, कॉपी, उजवीकडचं मूव्हीज फोल्डर. ८ जीबीच्या टीव्हीत बरीच जागा सिस्टीम आणि अ‍ॅपनी आधीच व्यापलेली असते. सेटिंग्जमधल्या 'स्टोरेज'मध्ये बघून निदान एक जीबी मोकळा सोडा, नाहीतर टीव्ही रेंगाळतो आणि अ‍ॅप अपडेट होत नाहीत. फाइल लहान असेल तर पेनड्राइव्हही नको. 'सेंड फाइल्स टू टीव्ही' हे अ‍ॅप फोन आणि टीव्ही दोन्हींवर टाका, दोन्ही एकाच वायफायवर आणा. घरी वायफाय नसेल तर टीव्ही फोनच्या हॉटस्पॉटला जोडला तरी फाइल जाते, आणि तिला डेटा लागत नाही.

काढताना 'इजेक्ट' करा. कॉपी चालू असताना लाइट गेली तर ती फाइल अर्धवट राहते, पेनड्राइव्हही बिघडू शकतो. म्हणून कॉपी बॅटरीवरच्या लॅपटॉपवरून करणं चांगलं. ८ एमबी प्रतिसेकंद वेगाच्या साध्या पेनड्राइव्हवर ४ जीबीची फाइल जायला साडेआठ मिनिटं लागतात. पट्टी शेवटाला पोहोचली म्हणून लगेच ओढू नका. पुढच्या वेळी विंडोजने 'स्कॅन अँड फिक्स' विचारलं तर करून घ्या, तेवढ्याने बऱ्याचदा सुटतं.

श्रावणात खानदेशात कानबाई देवी बसते त्या रविवारच्या रात्री गाणी लावायची असतील तर एमपी३ फाइली एकाच फोल्डरमध्ये, ०१पासून क्रमाने ठेवा आणि प्लेयरमध्ये 'रिपीट ऑल' लावा. बऱ्याच टीव्हींत पडदा बंद करून नुसता आवाज ठेवता येतो, सेटिंग्जमध्ये 'पिक्चर ऑफ' किंवा 'स्क्रीन ऑफ' शोधा. स्लीप टायमर आणि आपोआप बंद होण्याची सेटिंग मात्र आधीच बंद करा, नाहीतर चार तासांनी ऐन गाण्यात टीव्ही झोपून जाईल.