मेगावॅटला ‘रोज’ लागत नाही: वीजनिर्मितीचे आकडे मांडताना या चुका टाळा

औष्णिक केंद्राच्या कंट्रोल डेस्कवर अठरा वर्षं काढली आणि पुढची बारा एका निर्मिती कंपनीच्या नियोजन विभागात. आता निवृत्त आहे. इंजिनियरिंगची मुलं प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन येतात, अधूनमधून एखादा नवा वार्ताहर फोन करतो. ज्या चुकांवर मी आयुष्यभर लाल पेन झिजवलं, त्याच पुन्हा समोर येतात. पूर्वी त्या ग्राफ पेपरवर असायच्या, आता रंगीत स्लाइडवर असतात, एवढाच फरक.

स्थापित क्षमतेचा पाय चार्ट काढून त्याला ‘वीजनिर्मिती’ म्हणणं

या चुकीवर माझा विशेष राग आहे, कारण ती माझ्या सहीनं बाहेर गेलेली आहे.

आमच्या विभागात एक हुशार मुलगा नवाच रुजू झाला होता. एका समारंभासाठी कंपनीच्या ऊर्जास्रोतांची स्लाइड हवी होती. त्यानं तासाभरात केली. कोळसा काळा, वायू करडा, पाणी निळं, सौर पिवळं. पिवळा तुकडा चांगला पाचव्या हिश्शाएवढा दिसत होता. मी वरवर पाहिली आणि सही ठोकली. कार्यक्रम दुपारी चारचा होता, पण पाहुण्यांना उशीर झाला आणि भाषण सुरू झालं सव्वासातला. पाहुणे स्लाइडकडे बोट दाखवून म्हणाले, “या सभागृहातला दर पाचवा दिवा आज सूर्यावर चालतो आहे!” मागच्या रांगेतून लोड डिस्पॅचचा, म्हणजे कुणी किती वीज द्यायची हे ठरवणाऱ्या केंद्राचा, एक जुना माणूस सगळ्यांना ऐकू जाईल इतपत पुटपुटला, “साहेब, सूर्य कधीच घरी गेला.” हशा झाला. पोरगा पांढराफटक पडला. चहाच्या वेळी सगळे त्याला बोलले, मला कुणीच काही बोललं नाही.

स्लाइडवर होती स्थापित क्षमता, म्हणजे यंत्रं जास्तीत जास्त किती देऊ शकतात ते; प्रत्यक्षात किती दिली ते नव्हे. चूक कुठे झाली ते आकड्यांतच पाहा. एक मेगावॅट तासभर चालला की १,००० युनिट होतात. २१० मेगावॅटचा कोळशाचा संच दिवसभर पूर्ण भारावर चालला तर ५० लाख ४० हजार युनिट देतो. २१० मेगावॅटचा सौर प्रकल्प रात्री झोपतो, सकाळ-संध्याकाळ पेंगतो आणि ढग आले की रुसतो. चोवीस तासांची सरासरी काढली तर त्याच्याकडून साधारण पाचवा हिस्सा हाती येतो, म्हणजे दहा लाख युनिटांच्या आसपास. पाय चार्टात मात्र दोघांचे तुकडे सारखे.

हा घोळ देशपातळीवरही चालतो. २०२५ च्या जूनमध्ये देशाच्या स्थापित क्षमतेतला बिगर-जीवाश्म (कोळसा, वायू, तेल सोडून बाकीचा) वाटा निम्म्यावर पोचला. बातमी खरी आहे आणि अभिमानाचीही आहे. पण दुसऱ्याच दिवशी ‘देशाची निम्मी वीज आता हरित’ असं लिहून मोकळे झालेले लोक मी पाहिले. २०२४-२५ या वर्षात प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत कोळशाचा वाटा सत्तर टक्क्यांहून जास्त होता. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतात, हे ज्याला कळलं त्याचं अर्धं काम झालं.

माझी सवय सांगतो. मी पाय चार्ट काढतच नाही. तक्ता करतो, आणि त्यात प्रत्येक तासाला एक ओळ. पहाटे चार, दुपारी बारा आणि संध्याकाळी साडेसात या तीन वेळांना कोण किती देत होतं, हे मी वेगळ्या पेननं गोल करतो. खरं तर आमच्या धंद्यात दिवस चोवीस तासांचा नसतो, पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ ब्लॉकचा असतो. पण नवख्याला २४ ओळी पुष्कळ झाल्या. ‘किती वाजता?’ या प्रश्नाचं उत्तर ज्या कागदावर नाही, तो मी परत पाठवायचो. आजही पाठवतो.

‘रोज ५०० मेगावॅट वीज तयार होते’

होत नाही. मेगावॅटला ‘रोज’ लागत नाही, ‘दरवर्षी’ही लागत नाही. मेगावॅट म्हणजे त्या क्षणाचा वेग, युनिट म्हणजे तासांनी झालेली बेरीज. रोज लागतं युनिटांना. एवढी एक ओळ लिहून कपाटाच्या दारावर चिकटवा.

पाणी फुकट आहे, मग कोयना सारखी का चालवत नाहीत?

हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो, आणि विचारणारा प्रत्येक जण आपल्यालाच हे पहिल्यांदा सुचलं अशा थाटात विचारतो.

कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट. पोफळीचा पहिला-दुसरा टप्पा मिळून ६००, अलोऱ्याचा तिसरा ३२०, चौथा १,००० आणि धरणाच्या पायथ्याचं वीजगृह ४०. शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, पाणी मावतं सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट). पण पश्चिमेकडे, म्हणजे सह्याद्रीच्या पोटातून कोकणात सोडून वीज करायला कृष्णा पाणीतंटा लवादानं वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. हे वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मे रोजी संपतं. १,९६० मेगावॅट वर्षभर अखंड चालवायचं म्हटलं तर १,७०० कोटींहून जास्त युनिट होतील. कोट्यातल्या पाण्यात त्याचा पाचवा हिस्साही निघत नाही.

म्हणजे कोयना हा महिन्याचा पगार आहे. एक तारखेला हात सैल सोडला तर पंचवीस तारखेला, इथे एप्रिल-मेमध्ये, पंखे फुल स्पीडवर असताना खिसा रिकामा. म्हणून तिथलं पाणी संध्याकाळच्या चढत्या मागणीसाठी आणि अडीअडचणीसाठी राखून ठेवतात. कोळशाचा मोठा संच अचानक बसला, म्हणजे बंद पडला, की ती जागा काही मिनिटांत भरून काढणारा पाण्यासारखा दुसरा गडी नाही.

त्याची ताकद बघायची असेल तर ५ एप्रिल २०२० आठवा. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवायचे होते. अंदाज होता की मागणी बारा-चौदा हजार मेगावॅटनं पडेल. प्रत्यक्षात देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटनं खाली गेली आणि नऊ मिनिटं संपताच परत उसळली. ग्रिड टिकलं, कारण जलविद्युत आधीपासून भरात आणून ठेवली होती. दिवे मालवले तशी एकट्या पाण्यानं सतरा हजारांहून जास्त मेगावॅटची निर्मिती भराभर उतरवली आणि दिवे लागताच परत चढवली. अशा स्रोताला ‘वापर कमी’ असं लेबल लावून रिपोर्टात लाल रंग देणारा विद्यार्थी दिसला की मी त्याला आधी चहा पाजतो, मग बोलतो.

कोळशाचा संच म्हणजे रेग्युलेटर, हवा तसा फिरवा

दुपारी सौर भरपूर असते तेव्हा कोळसा कमी करा, संध्याकाळी वाढवा. कागदावर हे एका ओळीत लिहून होतं. ज्यांनी ती ओळ लिहिली त्यांनी एक रात्र डेस्कवर काढावी.

आमच्या २१० च्या संचावरची गोष्ट. ऑगस्टची रात्र होती, दोन दिवस झड लागलेली. पाऊस आला की शेतीपंप बंद होतात, कूलर बंद होतात आणि मागणी धाडकन उतरते. लोड डिस्पॅचचा फोन आला: अर्ध्या तासात २०० वरून १३० वर या. अशा संचानं मिनिटाला साधारण एक टक्का उतरावं, म्हणजे दोन मेगावॅट. सत्तर मेगावॅटला पस्तीस मिनिटं लागणार. डेस्कवर नवा मुलगा होता, हातानं चपळ, स्वभावानं उतावळा. मी शिफ्ट इनचार्ज. बंकरमध्ये ओला कोळसा अडकत होता म्हणून वर गेलो होतो. जाताना सांगून गेलो की वरून एकेक मिल काढ, घाई करू नको, आगीला आधार म्हणून तेलाची गन लावून ठेव.

कोळसा दळून बॉयलरमध्ये फुंकणाऱ्या पाच मिल चालू होत्या, खालून वर ए पासून ई पर्यंत, प्रत्येकीची ज्वाळा वेगळ्या मजल्यावर. त्यानं ई काढली. मग डी काढायला हवी होती. पण सी मिलचा करंट हलत होता, तेव्हा ‘कटकट करणारीच काढू’ म्हणून त्यानं सी काढली. उरल्या ए, बी आणि डी, म्हणजे मधला मजला रिकामा. आगीलाही शेजार लागतो. खालच्या ज्वाळेनं वरचीला धरून ठेवायचं असतं. तेलाची गन त्यानं लावली नव्हती, कारण सकाळी तेलाच्या लिटरालिटरचा हिशेब द्यावा लागतो आणि आदल्याच आठवड्यात त्यावरून कुणाला तरी बोलणी बसली होती.

मी बंकरच्या मजल्यावर असताना खालून घणाचे ठोके ऐकू यायला लागले. डी मिलला कोळसा पुरवणारा फीडर चोक झाला होता आणि हेल्पर ओला कोळसा सुटावा म्हणून पाइपवर घण घालत होते. मी जिन्यात पोचेपर्यंत ठोके चालू होते. मग एकदम टर्बाइनचा तो कायमचा गुणगुणाट खाली-खाली जायला लागला. ज्यानं कधी ऐकला असेल त्याच्या पोटात आजही गोळा येईल. डेस्कवर पोचलो तर पॅनेलवरच्या धोक्याच्या दिव्यांच्या सगळ्या खिडक्या पेटलेल्या, हूटर बोंबलत होता आणि मुलगा दोन्ही हात टेबलावर ठेवून उभा. फ्लेम फेल, म्हणजे बॉयलरमधली आग विझली, आणि संच बसला. तो एवढंच म्हणाला, “सर, मला वाटलं लोडच तर कमी करायचं आहे.”

परत ग्रिडवर यायला सकाळ झाली. वाचवलेलं तेल किती आणि परत पेटवताना जाळलेलं किती, हा हिशेब मी त्याच्याकडूनच लिहून घेतला.

तेव्हा असं पावसाळ्यात कधीमधी व्हायचं. आता सौर वाढल्यापासून रोज दुपारी कोळशाच्या संचांना खाली उतरावं लागतं. ५५ टक्क्यांचा तांत्रिक किमान भार म्हणजे २१० च्या संचाला ११५ मेगावॅट. त्याहून खाली, ४० टक्क्यांपर्यंत, जायची तयारी ठेवायला नवे नियम सांगतात. ते व्हायलाही हवं. पण रोज खाली-वर केलं की बॉयलरच्या नळ्या थकतात आणि प्रत्येक युनिटामागे कोळसा जास्त जळतो. ‘सौरमुळे एवढा कोळसा वाचला’ असा सरळ गुणाकार रिपोर्टात दिसला की समजावं, हा माणूस डेस्कवर बसलेला नाही.

माझ्या सवयी जुन्या आहेत, कुठल्या मॅन्युअलमध्ये नसतील. शिफ्टला आल्याबरोबर तेलाच्या गन एकदा चालवून बघायचो. फीडरवरचा कोळसा मुठीत दाबायचो. गोळा झाला तर त्या रात्री लोड डिस्पॅचला आधीच सांगून ठेवायचो. एकमेकींना लागून असलेल्या मिलच चालू ठेवायचो. आणि दहा मिनिटं जास्त मागायला कधी लाजलो नाही. पलीकडचा माणूस चिडतो, पण देतो.

बाकीच्या, थोडक्यात

उदंचन प्रकल्प, म्हणजे पाणी वर चढवून ठेवायचं आणि गरजेला खाली सोडून वीज करायची असे प्रकल्प, ‘स्रोत’ म्हणून मोजू नका. घाटघरचे २५० आणि भिऱ्याचे १५० मेगावॅट हे साठवणीचे आहेत. चार युनिट खाऊन तीन परत देतात, फक्त हव्या त्या वेळी देतात.

उरणचं वायू केंद्र ६७२ मेगावॅटचं आहे, पण वायू मिळेल तेवढंच चालतं. दाभोळचंही तेच. क्षमता लिहिताना पूर्ण लिहा, भरवसा ठेवताना आधी वायूचं विचारा.

परळीला कोळसा होता, संचही होते. २०१५ च्या दुष्काळात पाणी नव्हतं म्हणून केंद्र बंद ठेवावं लागलं. औष्णिक केंद्राच्या रिपोर्टात पाण्याचा रकाना नसेल तर रिपोर्ट अर्धा.

‘दोनच दिवसांचा कोळसा शिल्लक’ ही बातमी वाचून मेणबत्त्या आणू नका. आधी बघा, दिवसाला कोळशाच्या किती रेक (मालगाड्या) येताहेत. एका रेकमध्ये चार हजार टनांच्या आसपास कोळसा येतो आणि २१० चा संच पूर्ण भारावर दिवसाला साधारण साडेतीन हजार टन खातो. रेक थांबल्या तर मात्र खरंच आणा.

साताऱ्याच्या पठारावरच्या आणि धुळ्याकडच्या पवनचक्क्या पावसाळ्यात जोरात असतात, साखर कारखान्यांची बगॅसची (उसाच्या चिपाडाची) वीज गाळप हंगामात. वार्षिक सरासरी काढून बारा महिन्यांवर सारखी पसरू नका.

कोळशाच्या केंद्रात आठ-नऊ टक्के वीज पंखे, पंप आणि मिलमध्येच जाते. जनरेटरवरचा आकडा आणि गेटबाहेर पडणारा आकडा एकाच रकान्यात टाकू नका.

छतावरची सौर वीज निर्मितीच्या तक्त्यात बहुतेक वेळा दिसतच नाही. ती मागणी कमी झाल्यासारखी दिसते. दुपारी मागणीचा आलेख खळग्यासारखा खाली गेला म्हणून ‘औद्योगिक मंदी’ असा निष्कर्ष काढलेला एक रिपोर्ट माझ्याकडे आहे. मुलानं मुखपृष्ठ मात्र सुरेख केलं होतं.