चेंबर वर आलंच नव्हतं

डिप्लोमा करून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात साइट सुपरवायझर म्हणून लागलो. नाली, पावसाच्या पाण्याचे चेंबर आणि वरून गट्टू (रस्त्यावर बसवायचे सिमेंटचे ब्लॉक), एवढंच काम. जूनच्या आधी उरकलंही. पोळ्यापर्यंत प्रत्येक चेंबरभोवती बशीसारखा खळगा पडला; जाळी दोन बोटं वर आणि पाणी बशीत.

मी डायरीत लिहिलं, ‘चेंबर वर आले.’ मिस्त्रीकाका हसले. “सायेब, चेंबर काऊन वर येईन? बाजूचं खाली गेलं.” त्यांनी सब्बल, म्हणजे पहार, हाती दिली. एक गट्टू काढून रस्त्याच्या मध्ये मारली तर चार बोटंही जाईना. चेंबरच्या भिंतीलगत मात्र हातभर गेली.

खरी गोम त्या भिंतीलगतच्या पट्ट्यात असते. चेंबर खाली पीसीसीवर, म्हणजे साध्या काँक्रीटच्या थरावर बसलेलं, ते हलत नाही. पण बाहेरून गिलावा करायला जागा हवी म्हणून खड्डा फूट-दीड फूट जास्त खणतात. ती फट नंतर भरायची, आणि रोलर तिथे जात नाही. आमच्याकडे खणलेली काळी मातीच ढेकळांसकट एका दमात लोटली होती. वरून पाणी मारलं, झालं. ढेकळांमधल्या पोकळ्या पहिल्या पावसातच बसल्या. त्यात काळी माती ओलीने फुगते, उन्हाळ्यात आकसते. शेतात मे महिन्यात पाय अडकेल अशा भेगा पडतात, तेच गट्टूखाली होतं.

मी दोनदा वरून दगडाची चुरी टाकून लेव्हल केली. दोन्हीदा ती गेली. कुठे, ते चेंबरमध्ये टॉर्च मारल्यावर कळलं: पाइपच्या सांध्याखाली चुरी-मातीचा ढीग. सांधा फटीचा असला की पाणी बारीक माती आत ओढत नेतं. म्हणून नव्याने लागलेल्यांनो, गट्टू उचलण्याआधी चेंबरमध्ये डोकवा.

शेवटी सगळं उकरलं. सांधे बुजवले, काळी माती बाहेर, मुरूम आत. 15 सेंमीचा थर, मुठीत लाडू वळेल इतकीच ओल, मग माती दाबायचं यंत्र, प्लेट कॉम्पॅक्टर, आणि कोपऱ्यात हाताने दुरमुस. किती ओलीला माती सर्वात घट्ट दबते ते दाखवणारा प्रॉक्टरचा वक्र मी परीक्षेत छान काढला होता; लाडूशी त्याचं नातं इथे लागलं. एका चेंबरला अर्धा दिवस गेला, ठेकेदार धुसफुसला.

थरागणिक टेप लावून फोटो काढून ठेवा. गट्टू बसल्यावर दाखवायला दुसरं काही उरत नाही.