नागअळी ओळखताना या चुका टाळा

पानावर पांढरी नागमोडी रेघ, म्हणजे अळीने आतून पोखरलेला बोगदा, दिसली की 'नागअळी' म्हणून मोकळे व्हायचे, ही सवय आधी सोडा. टोमॅटो-चवळीवर रेघा ओढते ती लिरिओमायझा ही माशी. लिंबाच्या पालवीवरची फिलोक्निस्टिस सिट्रेला हा पतंग; कीटकशास्त्रज्ञ स्टेन्टनने १८५६ मध्ये त्याचे वर्णन केले ते कलकत्त्याच्या नमुन्यांवरून. माशी आणि पतंग यांचे गणच वेगळे, पण गावात नाव एकच.

सगळ्यात जास्त फसवतो तो 'पाय नाहीत म्हणजे माशीच' हा ठोकताळा. लिंबावरच्या पतंगाच्या अळीलाही पाय नसतात. ती चपटी असते आणि पानाची वरची साल आतून सुटी करत पेशींतला रस पिते. वेंगुर्ल्याकडे एका पावसाळ्यानंतर माझ्या मदतीला एक हुशार पण उतावळा मुलगा होता. त्याने कागदी लिंबाच्या चाळीसेक पानांवर 'माशी' अशा चिठ्ठ्या लावल्या. एवढ्यावर भागले असते. पण पाने काचेच्या नळीत बसेनात म्हणून त्याने मुडपलेल्या कडा कात्रीने कापून टाकल्या! ही अळी कोष करते तो नेमका त्या मुडपलेल्या कडेत. केराच्या टोपलीतून आम्ही कडा वेचल्या, तेव्हा त्यांतल्या तीनच कोषांतून पतंग निघाले, जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचे, चंदेरी. मला अजून त्या टोपलीची हळहळ वाटते.

म्हणून मी पान तोडण्याआधी उन्हाकडे धरून भिंगातून बघतो. विष्ठेची काळी रेघ बोगद्याच्या मधोमध सलग असेल तर लिंबावरचा पतंग. ठिपके आळीपाळीने दोन्ही कडांना असतील तर लिरिओमायझा. अर्धा मिनिट लागतो. तेवढाही धीर नसेल त्याने मोबाइलवर फोटो काढून नाव विचारू नये. फोटोत बोगदा दिसतो, विष्ठा बहुतेकदा नीट दिसत नाही.

दुसरी चूक म्हणजे कोवळे पान प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबणे. कोकणच्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी येते, आणि पान सुकले तर रस पिणारी अळी उपाशी मरते. मी फांदीवरच मलमलची पिशवी बांधतो आणि कोष झाल्यावरच पान तोडतो.

काजूची गोष्ट वेगळी. तिथे अॅक्रोसेरकॉप्स सिन्ग्रामा हा पतंग. कीटकशास्त्रज्ञ मेरिकने १९१४ मध्ये याला नाव दिले. कूळ लिंबावरच्याचेच, ग्रॅसिलॅरिडी, पण पालवीवर रेघ नाही, राखाडी-पांढरा फोड येतो. वाढलेली अळी तांबूस होते आणि कोषासाठी जमिनीवर उतरते. डबीत बोटभर माती घातली नाही, तर ती काचेवर फिरून फिरून मरते.

झाडाचे नाव चिठ्ठीवर लिहा, त्याच दिवशी. 'लिंबूवर्गीय' नको, कागदी लिंबू, पपनस, जे असेल ते.

आणि काजूच्या जून पानावरची मोठी भोके पाहून फवारणीला धावू नका. तो फोड वाळून गळून पडलेला असतो, अळी केव्हाच गेलेली असते. बघायची ती नवी पालवी.