पद्मिनीला सरळ ॲक्सल: कापण्याआधीचा हिशेब

ड्रॅग रेसिंगसाठी पद्मिनीचं पुढचं सस्पेन्शन काढून तिथे दोन्ही चाकं जोडणारा एकच सरळ ॲक्सल बसवायचा, तर हा हिशेब. जुनी प्रीमियर पद्मिनी निवडताना इंजिनाआधी फ्लोअर ठोकून बघा. मुंबईच्या पावसात सिल (दारांखालच्या पत्र्याच्या पेट्या) आतून सडतात आणि या गाडीला वेगळी चॅसी नाही. सरळ ॲक्सलसाठी पुढचे विशबोन (चाक धरणारे सस्पेन्शनचे हात) काढले की सगळा भार पत्र्यावर येतो. म्हणून 75×50 मिमी, 3 मिमी जाडीच्या ट्यूबची पुढची सबफ्रेम (आधाराची चौकट) करून ती मागच्या स्प्रिंग हँगरपर्यंत (पाट्यांच्या स्प्रिंगा टांगतात त्या जागेपर्यंत) जोडा. इथे काटकसर नकोच.

टू-व्हील ड्राइव्ह जीपचा डेड ॲक्सल (इंजिनाची ताकद न घेणारा पुढचा ॲक्सल) कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधा. किंगपिनची (चाक ज्या खिळीवर वळतं तिची) ढिलाई तपासा, ट्रॅक म्हणजे दोन चाकांमधलं अंतर मोजूनच पैसे द्या.

कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकाव) 6 ते 8 अंश, टो-इन (चाकांची पुढची बाजू आत वळलेली) साधारण 3 मिमी. कॅस्टर कमी ठेवला तर वेगात गाडी भरकटते. क्रॉस स्टिअरिंग (स्टिअरिंगचा दांडा गाडीच्या आडवा जाणारं) असेल तर तो दांडा म्हणजे ड्रॅग लिंक आणि ॲक्सल बाजूला सरकू न देणारा पॅनहार्ड रॉड समांतर, जवळपास सारख्या लांबीचे हवेत. नाहीतर नाक वर उचललं की चाकं आपोआप वळतात. उंचीचा मोह आवरा: क्रँकशाफ्टचा मध्य जमिनीपासून 24 इंचांच्या आत ठेवा.

असा बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवणं बेकायदा आहे. रेस ट्रॅकपर्यंत गाडी नेणाऱ्या फ्लॅटबेड ट्रकचा खर्च बजेटमध्ये आधीच धरा.