खेळणं थांबवून कोच होताना

पंधरा वर्षं मी बास्केटबॉल खेळले, पॉइंट गार्ड म्हणून, म्हणजे बॉल पुढे नेऊन संघाचा खेळ चालवणारी खेळाडू. गेली नऊ वर्षं मुलींच्या संघाची कोच आहे. खेळणं थांबवायची वेळ जवळ आली की बऱ्याच जणी मला विचारतात, "मला खेळ येतो, मग कोचिंग जमेल ना?" जमेल, पण नुसता खेळ येतो म्हणून नाही. खेळताना आपल्या पायांना जे आपोआप कळतं, ते कोचला शब्दांत सांगता यावं लागतं. हे काम वेगळं आहे आणि ते मुद्दाम शिकावं लागतं. मी ते कसं शिकले, कुठे अडखळले आणि आता नव्या मुलींना काय सांगते, ते इथे लिहितेय.

खेळत असतानाच सुरुवात करा

अमेरिकेची पॉइंट गार्ड डॉन स्टेली २००० साली टेंपल विद्यापीठाची हेड कोच झाली, तेव्हा ती डब्ल्यूएनबीए या तिथल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळतच होती. २००४ मध्ये अथेन्सला अमेरिकेचा झेंडा तिच्या हातात होता. तिथे तिने तिसरं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं आणि २००६ पर्यंत दोन्ही कामं सांभाळली. पुढे साउथ कॅरोलायना विद्यापीठाला तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली आणि टोकियोत कोच म्हणून पुन्हा सुवर्ण जिंकलं. डब्ल्यूएनबीएतलीच दुसरी खेळाडू बेकी हॅमन, तिची वाट दुखापतीतून निघाली. २०१३ मध्ये तिच्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारं लिगामेंट, फाटलं. खेळता येत नव्हतं, त्या काळात ती सॅन अँटोनियो स्पर्स या पुरुष संघाच्या सरावाला आणि मीटिंगला जाऊन बसायची. २०१४ मध्ये त्याच संघाने तिला असिस्टंट कोच म्हणून घेतलं. एनबीए या पुरुषांच्या लीगमध्ये पूर्णवेळ, पगारी असिस्टंट कोच झालेली ती पहिली स्त्री. २०२२ मध्ये ती लास व्हेगास एसेस या डब्ल्यूएनबीए संघाची हेड कोच झाली आणि पहिल्याच हंगामात संघ विजेता ठरला.

म्हणून बेंचवर बसायची वेळ आली, दुखापतीमुळे असो की कोचने बाहेर काढल्यामुळे, तर ती वाया घालवू नका. एक वही ठेवा. पाच मिनिटं बॉलकडे बघायचंच नाही, असं ठरवा. एकच खेळाडू निवडा, शक्यतो बॉलपासून लांब असलेली डिफेंडर, आणि फक्त तिच्याकडे बघा. बॉल दुसऱ्या बाजूला गेल्यावर ती पेंटकडे, म्हणजे बास्केटखालच्या रंगवलेल्या भागाकडे, सरकते का? स्वतःची माणूस (जिला अडवायचं ती खेळाडू) आणि बॉल दोन्ही दिसतील अशी उभी राहते का, की बॉलकडे टक लावून माणूस विसरते? पहिल्या दिवशी हे फार अवघड जातं. इतकी वर्षं नजर बॉलमागे धावलेली असते, ती एका दिवसात कशी वळणार? मला महिना लागला. पण कोचिंगमधली माझी पहिली खरी कमाई तीच.

पायांना येतं ते तोंडात आणा

कोच झाल्यावर पहिला महिनाभर मी सगळं करूनच दाखवायचे. मुली गोल करून उभ्या राहायच्या, कौतुकाने बघायच्या आणि स्वतःची पाळी आली की आधीच्याच चुका करायच्या. एके दिवशी आम्ही क्लोजआउट करत होतो. म्हणजे बॉल मिळालेल्या शूटरकडे धावत जायचं आणि तिने शॉट घ्यायच्या किंवा ड्रिबल करून निसटायच्या आत तिच्यासमोर थांबायचं. एका मुलीने विचारलं, "कोच, तुम्ही थांबता कशा? मी पुढेच जाते." माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंधरा वर्षं मी थांबत आले होते, पण कशी थांबते हे मला माहीत नव्हतं.

त्या रात्री मोबाइल उभा करून मी स्वतःचे दहा क्लोजआउट रेकॉर्ड केले आणि हळू गतीने बघितले. पहिली पावलं लांब पडत होती. शेवटची तीन-चार अगदी छोटी, जवळजवळ जागच्या जागी आपटल्यासारखी. पाय थांबायच्या आधीच कंबर खाली गेलेली होती. एक हात शूटरच्या बॉलकडे वर, दुसरा बाजूला पसरलेला. आणि वजन मागच्या बाजूला, म्हणजे ती बाजूने निघालीच तर मला मागे सरकता यावं. यातून मी तीन शब्द काढले: छोटी, खाली, हात. दुसऱ्या दिवशी एवढेच तीन शब्द ओरडले. त्या मुलीला तिसऱ्या प्रयत्नात थांबता आलं.

तुम्हाला सगळ्यात चांगलं येणारं कौशल्य घ्या आणि त्याच्यावर हेच करून बघा. सहसा तेच शिकवणं सगळ्यात अवघड जातं, कारण ते आपण कधी मोडून बघितलेलंच नसतं. सूचना तीन शब्दांपेक्षा लांब ठेवू नका. धावणाऱ्या मुलीला वाक्य ऐकू येत नाही. करून दोनदाच दाखवा, मग बाजूला व्हा. आणि एका वेळी एकच चूक सुधारा, बाकीच्या दिसत असल्या तरी. हे मला अजूनही जड जातं.

उडी मारायच्या आधी उतरणं

हा भाग मी कुणालाही गाळू देत नाही. एसीएल फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या कित्येक पट जास्त असतं, आणि बहुतेक वेळा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल) घेऊन खाली येताना किंवा पळता पळता दिशा बदलताना गुडघा आत वळतो आणि लिगामेंट जातं. उतरण्याचा, तोल सांभाळण्याचा आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचा नियमित सराव केल्याने या दुखापती कमी होतात, हे वारंवार दिसून आलेलं आहे.

प्रत्येक सरावाची पहिली पंधरा मिनिटं मी यालाच देते. जागच्या जागी उडी, दोन्ही पायांवर उतरणं, गुडघे वाकलेले, उतरताना आवाज कमीत कमी. मग एका पायावर. मग पळत येऊन थांबणं. मोबाइल समोर ठेवा, बाजूला नाही. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतो की आत पडतो, ते समोरूनच दिसतं. ज्या मुलीचा आत पडतो तिला ते तिथेच दाखवा.

माझा गुडघा सुजलेला असताना एका कोचने मला अर्धा सामना खेळवलं होतं. "थोडं सहन कर," एवढंच म्हणाले. त्यानंतर मी आठ महिने कोर्टबाहेर होते. म्हणून माझ्या संघात एक नियम आहे: सूज असेल तर खेळायचं नाही, अंतिम सामना असला तरी. हा नियम हंगामाच्या पहिल्या दिवशीच सांगून ठेवा. सामन्याच्या दिवशी सांगायला गेलात तर मुलगी रडेल आणि तुम्ही विरघळाल.

सराव कागदावर

नव्वद मिनिटांचा सराव असेल तर तो मिनिटांसकट लिहूनच कोर्टवर जा. लिहिताना एक हिशोब करा. बारा मुली, एक बास्केट, एक रांग आणि प्रत्येकीला दहा सेकंद धरले, तर एका मुलीची पाळी दोन मिनिटांनी येते. दहा मिनिटांत तिला बॉल मिळतो पाच वेळा. त्याच मुलींच्या दोन बास्केटवर चार रांगा केल्या की वीस वेळा. तीनास तीन खेळवलं तर त्याहूनही चांगलं, कारण तिथे समोर डिफेंडर असते आणि प्रत्येक वेळी निर्णय घ्यावा लागतो.

नवीन गोष्ट पाय ताजे असताना शिकवा. फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) मात्र मुली दमल्यावर, दोन स्प्रिंटच्या मधे घ्या. सामन्यातही ते दमलेल्या पायांनीच घ्यायचे असतात. बॉल सहा नंबरचाच वापरा. पुरुषांचा सात नंबरचा बॉल मोठा आणि जड असतो. त्याने शूटिंग करून करून लहान मुलींचं कोपर बाहेर जायला लागतं आणि ती सवय मोडायला वर्ष जातं.

एका मिनिटाचा टाइम-आउट

फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनुसार पहिल्या दोन क्वार्टरमध्ये मिळून दोन टाइम-आउट मिळतात आणि पुढच्या दोन क्वार्टरमध्ये मिळून तीन. त्यातले शेवटच्या दोन मिनिटांत दोनच घेता येतात. पहिल्या अर्ध्यातले उरलेले पुढे नेता येत नाहीत. प्रत्येक टाइम-आउट एक मिनिटाचा. खेळाडू असताना यातलं मला निम्मंही नीट माहीत नव्हतं. कोच होणार असाल तर नियमपुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा आणि जमलं तर रेफरीचा कोर्स करा.

माझा पहिला महत्त्वाचा टाइम-आउट मला अजून आठवतो. चौथा क्वार्टर, आम्ही चार गुणांनी मागे. मी सात गोष्टी सांगितल्या. झोन करा, रिबाउंडला बॉक्स आउट करा, पास लवकर सोडा, बोलत राहा, अजून काय काय. हॉर्न वाजला. कोर्टवर जाता जाता एक मुलगी मागे वळून म्हणाली, "पण कोच, मी कुणाला धरू?" सगळं सांगून झालं होतं, आणि तिला हवं होतं तेवढंच राहिलं होतं.

आता मी त्या मिनिटाचे तुकडे पाडते. पहिली वीस सेकंदं मुलींना श्वास आणि पाणी. तेवढ्यात असिस्टंटला विचारून घ्यायचं, कुणाचे किती फाउल झाले, टाइम-आउट किती उरले. पुढची तीस सेकंदं डिफेन्सची एक गोष्ट आणि अटॅकची एक गोष्ट, तिसरी नाही. शेवटच्या दहा सेकंदांत प्रत्येकीने आपली माणूस नंबराने सांगायची. बोर्ड दाखवताना तो फिरवून घ्या, म्हणजे बोर्डवरची बास्केट आणि मुली प्रत्यक्षात जिथे अटॅक करणार ती बास्केट एकाच दिशेला येतील. बोर्ड उलटा असला तर दमलेल्या डोक्याला डावं-उजवं कळत नाही.

आणखी एक: चौथ्या क्वार्टरची शेवटची दोन मिनिटं उरली असताना बॉल तुमचा आणि तुमच्याच अर्ध्यात असेल, तर टाइम-आउट घेतल्यावर थ्रो-इन (रेषेबाहेरून बॉल आत टाकणं) पुढच्या अर्ध्यातून घ्यायचं की नाही, हे कोच ठरवते. पुढून घेतलं तर अटॅकला जास्तीत जास्त चौदा सेकंद मिळतात. कुठून घ्यायचं हे रेफरी विचारायच्या आधीच मनात पक्कं असू द्या.

कालच्या मैत्रिणी, आजच्या खेळाडू

अमेरिकेची पॅट समिट १९७४ मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाची हेड कोच झाली तेव्हा बावीस वर्षांची होती. काही खेळाडू तिच्याहून जेमतेम वर्षभराने लहान होत्या. संघाचे कपडे तीच धुवायची, व्हॅन तीच चालवायची. दोन वर्षांनी मॉन्ट्रियलला महिला बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, तिथे ती खेळाडू म्हणून उतरली आणि रौप्य घेऊन आली. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला कोच म्हणून सुवर्ण जिंकलं. टेनेसीत अडतीस हंगामांत १,०९८ विजय आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदं.

ज्यांच्यासोबत खेळलात त्यांच्याच कोच झालात, तर पहिल्या आठवड्यात प्रत्येकीशी एकटीने बोला. तिची भूमिका काय, साधारण किती मिनिटं मिळतील, काय सुधारलं तर ती वाढतील, हे स्पष्ट सांगा. पहिल्या पाचातून कुणाला बाहेर बसवणार असाल तर यादी लागायच्या आधी तिला तुमच्या तोंडून कळू द्या. माझी एक जिवलग मैत्रीण यावरून तीन महिने माझ्याशी बोलत नव्हती, कारण तिला ते यादीतून कळलं. चूक माझी होती आणि मी तसं तिला सांगितलं.

पहिलं काम कुठून मिळतं

हेड कोचच्या जागेची वाट बघत बसू नका. लहान मुलींचा संघ घ्या, मोठ्या संघाची स्कोअरशीट भरा, कुणाची असिस्टंट व्हा, कोचिंगचं लायसन्स काढा. असिस्टंट म्हणून एकच गोष्ट मोजायला मागून घ्या. मी टर्नओव्हर, म्हणजे शॉट न घेताच बॉल गमावणं, मोजायचे: कुणाचा, कुठे, कोणत्या पासवर. तीन सामन्यांत आमचे बहुतेक टर्नओव्हर एकाच कोपऱ्यातल्या ट्रॅपमध्ये (दोन डिफेंडर मिळून एकीला कोंडतात तिथे) होताना दिसले आणि हेड कोच पुढच्या सरावाला माझं मत विचारायला लागले.

आणि जागा निघाली की अर्ज करा. अमेरिकेत १९७२ मध्ये शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणारा टायटल नाइन कायदा आला, तेव्हा कॉलेजांतल्या मुलींच्या संघांच्या नव्वद टक्क्यांहून जास्त कोच स्त्रिया होत्या. मुलींच्या खेळात पैसा आला, पगार वाढले आणि हे प्रमाण निम्म्याच्याही खाली गेलं. मुलींचा खेळ वाढला आणि तो खेळलेल्या बायका बेंचवरून कमी झाल्या, याचा मला मनापासून त्रास होतो. म्हणून थांबलेल्या प्रत्येक खेळाडूला मी निदान एक हंगाम तरी असिस्टंट म्हणून बोलावते.

"मी कुणाला धरू" विचारणारी ती मुलगी गेल्या वर्षी खेळायची थांबली. आता ती माझी असिस्टंट आहे. टाइम-आउटची शेवटची दहा सेकंदं तिची. ती एकेकीकडे बोट दाखवते आणि नंबर म्हणून घेते.